आयोनायझरचा दिवा लागतो, पण आयन निघतात का? घरच्या घरी तपासणी

आयोनायझर म्हणजे हवेत विद्युतभारित कण, अर्थात आयन, सोडून धूळ-धूर बसवणारं मशीन. त्याची तक्रार बहुतेक एकाच चालीची असते. मशीन नवीन होतं तेव्हा तोंडापाशी हात नेला की गार झुळूक लागायची, देवघरातल्या उदबत्तीचा धूर लवकर विरायचा. मग कधीतरी सगळं थंडावलं. निळा दिवा मात्र पहिल्या दिवसासारखाच लागतो. कुणीतरी सांगितलं म्हणून आयन सोडणारी सुई पुसली, की काही आठवडे बरं चालतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. सर्व्हिस सेंटरला फोन करावा तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, "दिवा लागतोय ना? मग मशीन ओके आहे."

दिव्यावरून काहीही कळत नाही. बऱ्याचशा आयोनायझरमध्ये तो एलईडी आत येणाऱ्या सप्लायवर बसवलेला असतो. अडॅप्टरचे १२ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचले की तो लागला. पुढे हाय व्होल्टेजचा भाग मेलेला असो की सुईवर बोंडाएवढी धूळ बसलेली असो, त्याला पत्ता नसतो. सोसायटीच्या पंपाची मोटर घरघरते म्हणून चौथ्या मजल्यावर पाणी आलंच असेल असं कुणी धरत नाही, नळ सोडूनच बघतात. आयोनायझरचा नळ म्हणजे सुईचं टोक. तपासणी तिथून सुरू करायची आणि मागे मागे जायचं.

आत काय असतं

फार काही नसतं. वीज झपाट्यानं उलटसुलट करणारं एक छोटं ऑसिलेटर, एक ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे डायोड-कपॅसिटरची शिडी. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये लिथियमचं केंद्रक फोडायला जी शिडी वापरली, तिचीच ही घरगुती आवृत्ती. पायरीपायरीनं ती व्होल्टेज चढवत साधारण उणे तीन ते सात हजार व्होल्टपर्यंत नेते. एवढं व्होल्टेज अणकुचीदार टोकावर आलं की टोकालगतची हवा दम धरत नाही, तिथे करोना डिस्चार्ज होतो आणि ऋण भार हवेत सुटतो. टोक सुईचं असेल किंवा कार्बन फायबरच्या काळ्या केसांच्या ब्रशचं. वाटेत काही मेगओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे व्होल्टेज भयंकर असलं तरी करंट मायक्रोअँपिअरमध्येच, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांशांतच राहतो.

या शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. एक, चुकून बोट लागलं तर चटका बसतो, सहसा त्याहून जास्त काही होत नाही. दोन, मल्टिमीटरची पिन थेट सुईला लावून "किती व्होल्ट येतात ते बघू" हा उद्योग करायचा नाही. घरगुती मीटरची मर्यादा ६०० किंवा १००० व्होल्टची असते. शिवाय मीटर स्वतःच एवढा करंट खातो की सुईवरचं व्होल्टेज कोसळतं. म्हणजे मीटर जाण्याची भीती आहेच, आणि वाचला तरी आकडा खोटा.

मशीनचा डबा उघडू नका. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट बसणाऱ्या स्वस्त आयोनायझरमध्ये आतलं सर्किट मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार काही वेळ राहतो. तपासणी करताना जवळपास सॅनिटायझर, स्पिरिट, डिओचा फवारा नको. घरात कुणी ऑक्सिजनवर असेल तर त्या खोलीत हे काहीच करू नका. पेसमेकर असलेल्यांनी प्रयोग दुसऱ्याला करू द्यावा आणि लांबून बघावा.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या. तुमचं मशीन फक्त ऋण आयन सोडणारं आहे की धन आणि ऋण दोन्ही? काही कंपन्यांची प्युरिफायर आणि एसी दोन्ही प्रकारचे आयन सोडतात. शार्पचं प्लाझ्माक्लस्टर हे त्यातलं बऱ्याच जणांच्या ओळखीचं नाव. अशा मशीनपुढे खालच्या टेस्टर आणि मीटरच्या चाचण्या गोंधळ घालतात, कारण थोड्या अंतरावर दोन्ही भार एकमेकांना खोडतात. मीटरवर शून्याच्या आसपास आकडा दिसला म्हणून मशीन बिघडलं असं समजू नका. तिथे धुराची चाचणी करा आणि "युनिट बदला" असा दिवा त्या मॉडेलला असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवा.

टोकापाशी आयन आहेत का

सगळ्यात सोपं म्हणजे हाताची मागची बाजू. पंखा नसलेल्या मशीनच्या सुईपासून तीन-चार सेंटीमीटरवर मनगटाकडचा भाग धरा. आयन निघत असतील तर गार, बारीक झुळूक लागते आणि हातावरची लव उभी राहिल्यासारखं वाटतं. तळहाताची कातडी जाड, तिला हे नीट कळत नाही. पंखा असलेल्या प्युरिफायरमध्ये ही चाचणी बाद, कारण झुळूक पंख्याचीच.

दुसरी चाचणी रात्रीची. खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा, मशीनच्या एलईडीवर काळी चिकटपट्टी लावा आणि पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग सुईकडे बघा. टोकावर मोहरीपेक्षा लहान, जांभळट निळा ठिपका दिसेल. कान जवळ नेला तर अगदी बारीक सूऽऽ ऐकू येतं. ठिपका टोकावर स्थिर असावा. तो टोकाऐवजी सुईच्या बुडाशी, प्लास्टिकवर सरपटताना दिसला किंवा तडतड ऐकू आली तर व्होल्टेज आहे, पण हवेत न जाता पृष्ठभागावरून गळतंय. ब्रशवाल्या मशीनमध्ये चमक बऱ्याच केसांवर विभागली जाते, त्यामुळे कधीकधी काही दिसतच नाही. तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

माझी सगळ्यात आवडती चाचणी मात्र टेस्टरची. प्रत्येक घरात ड्रॉवरमध्ये पडलेला तो पारदर्शक दांड्याचा फेज टेस्टर. त्यात एक रेझिस्टर आणि एक निऑनचा इवलासा दिवा असतो. हा निऑन पेटायला साधारण साठ ते नव्वद व्होल्ट लागतात, पण करंट अगदी नगण्य पुरतो. आपल्याला हवंय ते नेमकं हेच. डिजिटल, बॅटरीवाला टेस्टर नको, तो जवळच्या कुठल्याही वायरमुळे उगाच पेटतो.

खोलीत अंधार करा. टेस्टरच्या मागच्या टोपीवर नेहमीसारखं बोट ठेवा, अनवाणी फरशीवर उभे राहा आणि पातं सुईच्या दिशेनं हळूहळू न्या. पातं सुईला टेकवायचं नाही, दोन-तीन सेंटीमीटरवर थांबायचं. आयन निघत असतील तर लांबूनच निऑन लुकलुकायला लागतो, आणि जवळ जाल तसं लुकलुकणं जलद होत सलग मंद उजेड होतो. जितक्या लांबून तो पेटतो तितकं मशीन तगडं.

आता दिव्याच्या आत बारकाईनं बघा. निऑनमध्ये दोन दांड्या असतात. सॉकेटमध्ये टेस्टर घातला की दोन्ही उजळतात, कारण तिथला प्रवाह एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा. आयोनायझरपुढे एकच उजळते, आणि उजळते ती ऋण बाजूची. पात्याकडची दांडी पेटली तर मशीन ऋण आयन सोडतंय. टोपीकडची पेटली तर धन. भिंग असेल तर हे फार छान दिसतं. पाच-दहा हजारांच्या मशीनची जात वीस-तीस रुपयांच्या टेस्टरनं ओळखता येते, याचं मला अजून कौतुक वाटतं.

टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय, हाय व्होल्टेज आणि टोक, तिन्ही चालू. तुमची तक्रार "आयन नाहीत" ही उरली नाही, "हवेत फरक नाही" ही उरली. त्याचं उत्तर खाली वेगळं आहे.

आकडा हवा असेल तर

"मागच्या महिन्यापेक्षा कमी झालंय का" हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी मल्टिमीटर. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवा, त्याला क्रोकोडाइल क्लिपनं मीटरची लाल पिन जोडा. मीटर डीसी व्होल्टवर, मोठ्या रेंजवर. काळी पिन स्वतःच्या हातात धरा, पुन्हा अनवाणी. पुठ्ठा प्लास्टिकच्या डब्यावर टेकवून सुईसमोर दहा सेंटीमीटरवर उभा करा. फॉइलला हात लावू नका.

ऋण आयन फॉइलवर पडतात आणि मीटरमधून तुमच्या हातात उतरतात. मीटरचा आतला रोध बऱ्याच डिजिटल मीटरमध्ये १० मेगओहम असतो, म्हणजे दर मायक्रोअँपिअरला दहा व्होल्ट. उणे तीस दिसले तर तीन मायक्रोअँपिअर. रस्त्यावर मिळणाऱ्या पिवळ्या ८३० जातीच्या मीटरचा रोध एकच मेगओहम, त्यामुळे तोच करंट तिथे उणे तीन व्होल्ट दाखवतो. आकडा थरथरत राहतो, तेवढं चालायचंच.

या आकड्याची दुसऱ्याच्या मशीनशी तुलना करण्यात अर्थ नाही. खोली, अंतर, आर्द्रता, फॉइलचा आकार, सगळ्यानं तो बदलतो. पण सुई साफ केलेल्या दिवशी तो लिहून ठेवलात आणि दर पंधरवड्याला तोच पुठ्ठा त्याच अंतरावर धरलात, तर मशीन मंदावतंय कधी हे आधीच कळतं. वारंवार येणाऱ्या बिघाडात याहून उपयोगी दुसरं काही नाही, कारण सुई घाण व्हायला तुमच्या घरात किती दिवस लागतात हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी कापसाची चाचणी. रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्याला कापसाचा हलका पुंजका बांधून टोकाकडे न्या, तो ओढला जातो. रशियात चिझेव्स्की या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी छताला टांगायची मोठी झुंबरं असतात, पंचवीस हजार व्होल्टच्या पुढची. ती तपासायला तिथे कापूसच वापरतात, आणि तो चांगला हातभर लांबून ओढला जातो. आपल्या टेबलावरच्या डबीपुढे काही सेंटीमीटरच धरा.

टेस्टर पेटलाच नाही

मग मागे चला. अडॅप्टरचं व्होल्टेज मोजा. जुना अडॅप्टर एलईडी पेटवण्याइतकं देतो पण ऑसिलेटर चालण्याइतकं देत नाही, हे नेहमीचं. १२ व्होल्टच्या जागी लोड असताना, म्हणजे मशीन जोडून चालू असताना, सातच येत असतील तर अडॅप्टर बदला, प्रश्न संपला. प्युरिफायर असेल तर आयनचं बटण वेगळं असतं, ते चालू आहे का बघा. काही मॉडेलमध्ये स्लीप मोडला किंवा पुढची जाळी नीट न बसल्यास आयन आपोआप बंद होतात.

सप्लाय ठीक, सुई स्वच्छ आणि तरीही निऑन थंड असेल तर हाय व्होल्टेजचं मॉड्युल गेलं. ते काळ्या किंवा पांढऱ्या इपॉक्सीत बुडवलेलं असतं, त्यामुळे दुरुस्त होत नाही, अख्खं बदलावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अशी मॉड्युलं विचारून बघता येतात, पण व्होल्टेज आणि ध्रुवता (धन की ऋण) जुळवून बसवायचं काम जाणत्याकडूनच करून घ्या.

यूएसबीवर चालणाऱ्या आणि गळ्यात घालायच्या छोट्या आयोनायझरबद्दल मात्र घाईनं निकाल देऊ नका. मशीन ऋण भार हवेत सोडतं तेव्हा तेवढाच धन भार त्याच्याकडे मागे राहतो. तो जमिनीत जायला वाट हवी. पॉवर बँकेवर किंवा चार्जर न लावलेल्या लॅपटॉपवर ही वाट नसते. मग काही क्षणांत अख्खं मशीन धन भारित होतं, सुटलेले आयन परत स्वतःकडे खेचतं आणि टेस्टर विझतो. खात्री करायची असेल तर यूएसबीच्या धातूच्या टोकाला दुसऱ्या हातानं स्पर्श करा. निऑन पुन्हा पेटला तर मशीन धडधाकट आहे, त्याला फक्त वाट नव्हती.

तीन पिनांच्या मशीनलाही हे होतं. सॉकेटला तिसरं भोक असतं म्हणून त्याच्यामागे अर्थिंगची वायर असतेच असं नाही, विशेषतः जुन्या चाळींत, वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत जिथे एकेक पॉइंट मागून वाढवत नेलेला असतो. हॉलमध्ये चालणारं मशीन बेडरूममध्ये नेलं की मरगळतं, ही तक्रार असेल तर आधी बेडरूमच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनला तपासायला लावा. ते आयोनायझरसाठी नसलं तरी गिझरसाठी करायलाच हवं.

पुसलं की चालतं, परत बंद पडतं

इथे खरी गोम आहे. सुईजवळची धूळ आधी भारित होते आणि जवळात जवळ जे सापडेल त्यावर बसते, म्हणजे मशीनच्या जाळीवर, बुडाशी, आणि शेवटी खुद्द टोकावर. टोक बोथट झालं की करोना मंदावतो. हे होणारच, पण किती लवकर होतं हे त्या खोलीत हवेत काय तरंगतंय त्यावर ठरतं. म्हणून पुसण्याआधी सुईवर काय बसलंय ते भिंगानं बघा.

करडी, कापसासारखी धूळ असेल तर ती साधी घरातली धूळ. चिकट, पिवळट थर असेल तर स्वयंपाकघर. फोडणीची तेलकट वाफ आधी बसते, मग तिच्यावर धूळ. काळा मऊ थर उदबत्ती-धूपाचा. हे तिन्ही स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीनं निघतात. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच चालू करा. घाईत ओल्या अल्कोहोलवर चालू केलं तर ठिणगीला निमित्त मिळतं.

पांढरा थर असेल तर जरा थांबून विचार करा, कारण त्याचे दोन प्रकार आहेत आणि इलाज वेगळे. एक म्हणजे भुरभुरीत, साखरेच्या भुकटीसारखा. करोनामध्ये हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात, ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि हवेत अमोनिया असेल तर अमोनियम नायट्रेटचे स्फटिक टोकावर उगवतात. अमोनियाचा काच-क्लीनर, मांजराची माती, खिडकीखालचा गोठा, काहीही पुरतं. हा थर पाण्यात विरघळतो. साध्या पाण्यानं ओलसर केलेली काडी फिरवली की सुई लख्ख.

दुसरा पांढरा थर पाण्यानं जात नाही, स्पिरिटनंही नाही. बारीक तंतूंचा, खडबडीत, नखाला लागणारा. तो सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. येतो कुठून? ड्रेसिंग टेबलावरून. हेअर सीरमच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरांत सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन अशी नावं सापडतील. यातलं पहिलं हवेत उडून जातं, सुईच्या करोनात सापडलं की जळून सिलिका होऊन टोकाला चिकटतं. फर्निचर चमकवायच्या काही स्प्रेमध्येही सिलिकॉन असतं. अशा खोलीत तुम्ही सुई कितीही वेळा पुसा, थर पुन्हा येणार. मशीन ड्रेसिंग टेबलापासून दुसऱ्या खोलीत हलवणं हाच इलाज. साचलेला थर मऊ टूथब्रशनं कोरडाच, हलक्या हातानं काढा. सँडपेपर लावू नका, टोकाची धार गेली की सुई गेली.

कार्बन ब्रशला मात्र पुसापुशी नको. केस ओले झाले की एकमेकांना चिकटून जाडी वेणी होते आणि आयन घटतात. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशनं बुडाकडून टोकाकडे एकाच दिशेनं झटका. तुटलेला सुटा केस मशीनच्या तोंडात अडकू देऊ नका. कार्बन वीजवाहक, तो सुई आणि जाळी यांच्यामध्ये पूल बांधतो आणि मग तडतड सुरू.

पावसाळ्यात आणखी एक लफडं. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता नव्वदीत असते. सुईच्या बुडाशी साचलेली धूळ ओल शोषून घेते आणि तिच्यावरून भार जाळीकडे गळायला लागतो. उन्हाळ्यात त्याच धुळीनं काही बिघडत नव्हतं. ओळख अशी, की सकाळी आणि पाऊस असताना टेस्टर पेटत नाही, एसी तासभर चालल्यावर पेटतो. इथे टोक कमी आणि बूड जास्त पुसायचं असतं. प्लास्टिकचा भाग कोरडा करून हेअर ड्रायरची गार हवा मारा. प्लास्टिकवर तपकिरी, झाडाच्या फांदीसारखी रेघ उमटली असेल तर तिथलं प्लास्टिक करपलं आहे. ते पुसून परत येत नाही आणि मशीन वापरण्याजोगं राहत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. लोखंडी कपाट, खिडकीचं ग्रिल, फ्रिज यांना खेटून ठेवलेलं मशीन आपले आयन त्यांनाच देतं. मीटरभर मोकळी जागा सोडा. टीव्हीजवळही नको, पडद्यावर धुळीचा थर चढतो.

वास येत असेल तर

वीज पडल्यावर किंवा झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा उग्र, तिखट वास म्हणजे ओझोन. "वास येतो म्हणजे मशीन जोरात काम करतंय" असं सांगणारे दुकानदार भेटतात, त्यांचं ऐकू नका. माणसाच्या नाकाला ओझोन हवेच्या दशकोटी भागांत एखादा ते पाचेक भाग इतका कमी असतानाही कळू शकतो. कॅलिफोर्नियात घरगुती हवा-शुद्धीकरण यंत्रांवर ०.०५० पीपीएमची (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) मर्यादा आहे, म्हणजे तेच दशकोटीत पाच भाग. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बाहेरच्या हवेसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, ती जवळपास तेवढीच भरते.

थोडक्यात, खोलीत सतत वास येत असेल तर प्रमाण मर्यादेच्या आसपास गेलं असण्याची शक्यता आहे. नाक पाच मिनिटांत सरावतं, म्हणून वास तपासायचा तर खोलीबाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत या. घरात दमेकरी असेल तर वास येणारं मशीन बंदच ठेवा. सुई साफ केल्यावर वास गेला तर दोष टोकाचा आणि गळतीचा होता. नवीन सुईला, कोरड्या हवेतही वास कायम असेल तर ते मशीनच तसं आहे. सुई पुसून त्याचा स्वभाव बदलत नाही.

आयन आहेत, तरी हवेत फरक नाही

जाहिरातीत धबधब्याचं चित्र असतंच. ते उगाच नाही. फुटणाऱ्या पाण्याजवळच्या हवेत ऋण भार असतो हे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्डनं १८९२ मध्ये दाखवलं होतं. पण त्या चित्रावरून खोलीच्या हवेचं गणित मांडू नका. आयन फार जगत नाहीत, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत. मशीनपाशी ते भरपूर असतात आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अगदी थोडे. आणि ते धूळ नाहीशी करत नाहीत, तिला भारित करून भिंतीवर, पडद्यावर, उशीवर बसवतात. मशीनमागच्या भिंतीवर काळपट डाग पडला असेल तर मशीन चालतंय याचा तो पुरावाच समजा, रंगाऱ्याला काहीही वाटो.

काम किती होतंय ते बघायला कपडे ठेवायचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. उदबत्तीचा धूर भरा, उदबत्ती बाहेर काढा, झाकण लावा आणि बाजूनं टॉर्च मारा. नुसता धूर बराच वेळ तरंगत राहतो. आता तेवढाच धूर भरून छोटा आयोनायझर आत ठेवून चालू करा. चांगलं मशीन असेल तर धुराचे लोट ढवळून निघतात आणि एखाद-दोन मिनिटांत टॉर्चचा झोत दिसेनासा होतो. झाकण खिडकीपाशी नेऊन उघडा, आत ओझोन साचलेला असतो.

डब्यात जे दोन मिनिटांत होतं ते दहा बाय बाराच्या खोलीत होत नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारं छोटं यंत्र असेल तर ते मशीनपासून दोनेक मीटरवर ठेवा. खोली बंद करून उदबत्तीनं आकडा चढवा आणि तो निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते बघा, एकदा आयोनायझर बंद ठेवून, एकदा चालू करून. सीलिंग फॅन दोन्ही वेळा एकाच स्पीडवर. बंद असतानाही आकडा उतरतोच, म्हणून ही पहिली वेळ टाळू नका. नुसत्या सुईच्या, पंखा नसलेल्या डबीनं दोन्ही वेळांत किरकोळच फरक दाखवला तर मशीन बिघडलेलं नाही, त्याची ताकदच तेवढी. हिवाळ्यात बाहेरची पीएम २.५ चोवीस तासांच्या साठ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असते तेव्हा बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर आणि पंखा असलेलं मशीनच लागतं. आयनचं बटण तिथे चालू असो वा बंद, मी तरी बंदच ठेवतो.

वॉरंटीत मशीन असेल आणि टेस्टर पेटत नसेल तर फोनवर वाद घालण्यापेक्षा दोन छोटे व्हिडिओ काढा. एकात मशीनचा दिवा लागलेला आणि अंधारात टेस्टर थंड. दुसऱ्यात तोच टेस्टर सॉकेटमध्ये पेटणारा, म्हणजे टेस्टर खराब आहे असं म्हणायला जागा नको. सोबत स्वच्छ सुईचा जवळून फोटो आणि अडॅप्टरचं मोजलेलं व्होल्टेज. तक्रारीत "मशीन नीट चालत नाही" असं न लिहिता "हाय व्होल्टेज आउटपुट नाही" असं लिहा. त्या चार शब्दांनंतर दिव्याचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.